बोरचं पाणी, भाकरी आणि फांद्यांचे रेणू

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मध्येमध्ये भाकरी थापल्याचा आवाज आला असेल. तो माझ्या आईचा. काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. हा भाग मी गावाकडे, नळदुर्गात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत रेकॉर्ड केलाय. नेहमीप्रमाणे हे त्याचं लिखित रूप, थोडं नीटनेटकं करून.

नळदुर्ग म्हटलं की लोकांना पाणी आठवतं. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेला बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल आणि पावसाळ्यात वरून कोसळणारे नर-मादी धबधबे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं, १६१३ चं हे काम. रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. पण किल्ल्यापासून थोडं लांब आमचं रान आहे आणि तिथे पाणी म्हणजे एक बोर. तेही उन्हाळ्यात अर्धा तास चाललं तर नशीब.

२०१८ च्या पावसाळ्यात अण्णांनी सीताफळाची १२० रोपं लावली. मी तेव्हा नुकताच बीटेक होऊन पुण्यात नोकरीला लागलो होतो, त्यामुळे मला सगळं कळत होतं. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघून मी अण्णांना फोनवर सांगितलं, 'खड्ड्यात हायड्रोजेल टाका. साखरेसारखे दाणे असतात, पाणी धरून ठेवतात.' अण्णा ओळखीच्या कृषी दुकानात गेले. दुकानदारानं काचेच्या ग्लासात चमचाभर दाणे टाकून वर जारचं पाणी ओतलं. थोड्या वेळात ग्लासभर जेली! अण्णांनी पाकिटं घेतली.

पुढे पाऊस दगा देऊन गेला. बोरवर रोपं जगवायची होती. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली ७० वाळली. अण्णांनी एक खड्डा उकरून बघितला तर दाणे साबुदाण्याएवढेच, दाबले तर रबरासारखे. ते तसेच मुठीत घेऊन ते दुकानात गेले आणि चार माणसांत त्या माणसाला चोर म्हणाले. वीस वर्षांची ओळख तिथे संपली. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते दाणे का फुगले नाहीत, हे शोधायला मला दोन वर्षं लागली, आणि शोधता शोधता मी एका मोठ्या इतिहासात जाऊन पडलो. आजचा भाग त्याचाच.

सुरुवात भाकरीपासून करू, कारण ती समोरच आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. म्हणून आई पिठात आधणाचं पाणी ओतते, नाहीतर भाकरी थापताना चिरते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. हा स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचा असतो. दोन्ही ग्लुकोजचे मणी ओवून बनलेले. एक अमायलोज, म्हणजे जवळजवळ सरळ माळ. दुसरा अमायलोपेक्टिन, आणि नेहमीच्या ज्वारीत साधारण तीन चतुर्थांश वाटा याचाच. हा माळ नाही, झाड आहे. दर वीस-पंचवीस मण्यांनंतर एक फांदी फुटते, त्या फांदीला पुन्हा फांदी. एका रेणूत लाखो मणी. म्हणजे अतिशाखीय रेणू वगैरे जड शब्द ऐकून घाबरू नका, तो आपण रोज ठेच्याबरोबर खातो.

स्टार्चचं हे झाडासारखं चित्र कुर्ट मायर यांनी १९४० मध्ये मांडलं. त्याआधी वीस वर्षं तर रसायनशास्त्रज्ञ यावरच भांडत होते की इतके मोठे रेणू असू शकतात की नाही. हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये 'असतात' म्हणून सांगितलं, लोक हसले, आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मायरनंतर एकाच वर्षानं, १९४१ मध्ये, अमेरिकेत पॉल फ्लोरी यांनी एक गणित मांडलं. माझ्यातला इंजिनिअर इथे खूश झाला. समजा प्रत्येक तुकड्याला दोनच हात आहेत, तर साखळी बनेल. तीन हात असले तर फांद्या फुटतील. असे तुकडे एकमेकांना जोडत गेलात तर एका ठरावीक टप्प्यापर्यंत सगळं पातळ द्रव राहतं, आणि मग अचानक भांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकमेकांत अडकून एक होतं. तो क्षण म्हणजे जेल. म्हणजे जेलीचा गोळा हा एका अर्थानं एकच अवाढव्य रेणू आहे! फ्लोरींना १९७४ चं नोबेल मिळालं.

पण या फांद्या वेड्यावाकड्या. कुठे फुटेल, किती वाढेल, काही भरवसा नाही. नेमक्या, मोजून फांद्या फुटणारा रेणू बनवता येईल का? १९७८ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात फ्रिट्झ फ्योगट्ले यांच्या गटानं पायरीपायरीनं फांद्या वाढवायची पद्धत दाखवली. मग अमेरिकेत डाऊ कंपनीत डोनाल्ड टोमालिया यांनी ती खूप पुढे नेली आणि १९८५ मध्ये या रेणूंना नाव मिळालं डेंड्रिमर. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड. टोमालियांच्या रेणूचं साधं रूप असं : मधल्या गाभ्याला चार हात. पुढच्या पिढीत आठ, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. पाचव्या पिढीत १२८ टोकं, आणि आकार एका मिलिमीटरचा साधारण दोन लाखावा भाग. कोडिंग करणाऱ्यांनो, हो, बायनरी ट्रीच आहे. बाहेर टोकांची गर्दी, आत पोकळ्या. पोकळीत औषध ठेवा, टोकांवर पत्ता चिकटवा, अशी कल्पना. औषधं पोचवणं, पेशीत जनुक नेणं यासाठी यावर आजही काम चालू आहे. डेंड्रिमर बनवायला मात्र महाग. प्रत्येक पिढीनंतर धुवा, गाळा, पुन्हा सुरुवात. सीताफळाच्या खड्ड्यात टाकायची ती गोष्ट नाही.

आता दुसरा धागा. आत्तापर्यंत आपण रेणूच्या आतल्या पक्क्या गाठी बघितल्या. दोन वेगळे रेणू एकमेकांना सैल धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, त्याचं काय? १९६७ मध्ये ड्यूपाँट कंपनीतले चार्ल्स पेडरसन यांनी अंगठीसारखे रेणू जाहीर केले. त्या अंगठीच्या भोकात पोटॅशियमसारखा धातूचा आयन नेमका बसतो. पेडरसन यांच्याकडे पीएचडी नव्हती, त्यांची पहिली पदवी केमिकल इंजिनिअरिंगची. (बीटेकवाल्यांनी छाती फुगवून घ्यावी, पाच सेकंद.) फ्रान्सच्या जाँ-मारी लेन यांनी अंगठीच्या जागी पिंजरा केला आणि या सगळ्याला सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र असं नाव दिलं, म्हणजे एकट्या रेणूच्या पलीकडचं. पेडरसन, लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांना १९८७ चं नोबेल विभागून मिळालं.

फांद्यांचं जाळं आणि सैल पकड, हे दोन्ही लक्षात ठेवा. आता आपण दुष्काळात जाऊ.

१९७२ चा दुष्काळ अण्णांना लहानपणचा आठवतो. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी कुणाला आवडली नाही, पण खाल्ली सगळ्यांनी. साधारण त्याच वर्षांत अमेरिकेत पिओरिया गावच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर एक उद्योग चालला होता. स्टार्चच्या फांद्यांवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्यांचं कलम करायचं आणि मग अल्कलीत शिजवायचं. कलम म्हणतोय ते उगाच नाही, रसायनशास्त्रातही त्याला तोच शब्द आहे. तयार झालेली पूड शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट प्यायची. तिचं नाव पडलं सुपर स्लर्पर. आजच्या डायपरमधला पदार्थ याच घराण्यातला, फक्त त्यात आता बहुधा स्टार्च नसतो.

आपल्याकडे हे काम पुण्यात झालं. पाषाण रोडवरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. गोव्यातल्या माशेलात १९४३ साली जन्मलेले, मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले, यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये तिथे आले. १९८० च्या दशकात एनसीएलनं असाच स्टार्चवर आधारलेला पाणी धरणारा पदार्थ बनवला. नाव दिलं जलशक्ती. हेतू सरळ होता : कोरडवाहू शेती. मला हे वाचून लाज वाटली. मी अण्णांना यूट्यूबवरचा नवा शोध म्हणून जे सांगितलं होतं, ते माझ्या जन्माच्या आधी माझ्या ऑफिसपासून थोड्याच अंतरावर होऊन गेलं होतं.

हे जेल पाणी धरतं कसं? जाळ्याच्या साखळ्यांवर ठिकठिकाणी कार्बोक्सिलेट नावाचे गट असतात, प्रत्येकावर ऋण भार. सारखे भार एकमेकांना ढकलतात. साखळ्या ताणून लांब होतात, त्यांच्यामधल्या सोडियमच्या आयनांमुळे पाणी आत ओढलं जातं आणि दाणा फुगतो. जाळ्याच्या गाठी त्याला विरघळू देत नाहीत.

आता यात कॅल्शियम आणा. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार. तो एका हातानं एक कार्बोक्सिलेट पकडतो, दुसऱ्या हातानं दुसरा. ढकलाढकली संपते, वर आणखी नव्या गाठी पडतात. जाळं आवळलं जातं, पाणी बाहेर. आणि हे एकदाच होत नाही. दर पाण्याला थोडं कॅल्शियम आत साठत जातं.

आमच्या बोरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजता शिजत नाही. डाळीचंही कारण तेच बरं का. डाळीतल्या पेक्टिनवर हेच कार्बोक्सिल गट असतात, कॅल्शियम त्यांना शिवून टाकतो. आई म्हणूनच डाळीला बोरचं पाणी घेत नाही. जे तिला माहीत होतं ते मला कोणत्याही सेमिस्टरला सुचलं नाही.

उरलेलं पाकीट घरात होतं. मी दोन ग्लास घेतले. एकात जारचं पाणी, दुसऱ्यात बोरचं. पहिल्यात ग्लासभर जेली, दुकानात झाली होती तशीच. दुसऱ्यात निम्म्याहून कमी. मग दुसऱ्या ग्लासातलं पाणी रोज ओतून नवं बोरचं पाणी घालत गेलो. आठव्या दिवशी अण्णांनी उकरून काढले होते तसे दाणे. माल खोटा नव्हता, पाणी जड होतं. दुकानदारालाही ते माहीत नसणार, त्यानं जे दाखवलं ते खरंच होतं.

इथे भाग संपवणार होतो, पण एनसीएलचं पुढचं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या खड्ड्यात ज्या पकडीनं घोळ केला, तशाच पकडीचा तिथल्या लोकांनी उपयोग करून घेतला. शायनी वर्गीस, आशिष लेले आणि माशेलकर यांनी जाळ्याच्या साखळ्यांना लवचिक बाजूच्या फांद्या लावल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला कार्बोक्सिल गट. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की असं जेल कापून ते तांब्याच्या क्षाराच्या सौम्य द्रावणात ठेवलं, तर तांब्याचे आयन दोन्ही बाजूंच्या टोकांना पकडतात आणि काप भरून येतो. जखम भरावी तसा. २०१२ मध्ये वर्गीस कॅलिफोर्नियात प्राध्यापक होत्या. त्यांच्या गटानं लेले आणि माशेलकर यांच्यासोबत धातूही काढून टाकला. आम्लात दोन तुकडे टेकवले की काही सेकंदांत चिकटतात, नुसत्या हायड्रोजन बंधांवर. अल्कलीत ठेवले की पुन्हा सुटतात. सगळी गंमत फांदीच्या लांबीत आहे. आखूड असली तर पलीकडे पोचत नाही, फार लांब असली तर स्वतःतच गुंडाळून बसते. पोटातल्या जखमेवर लावायचा चिकटा, आम्लाची गळती बंद करणं, असे उपयोग त्यांनी सुचवले आहेत. लेले २०२१ मध्ये एनसीएलचे संचालक झाले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हायड्रोजेल वापरणार असतील तर आधी चमचाभर दाणे आपल्याच बोरच्या पाण्यात टाकून बघा, आणि पाणी आठवडाभर बदलत राहा. दुकानातल्या ग्लासवर जाऊ नका. आणि पाऊसच नसेल तर जेल धरणार काय, हेही आहेच.

मी दोन्ही ग्लास अण्णांसमोर ठेवले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, 'म्हणजे त्यो खोटा नव्हता.' मी म्हणालो, 'नाही. आणि टाका म्हणून सांगितलं होतं मी.' ते काही बोलले नाहीत, टोपी घातली आणि बाहेर पडले. दुकानात काय बोलणं झालं ते आजपर्यंत सांगितलं नाही. येताना तुरीचं बियाणं घेऊन आले होते, उधारीवर.

चला, आईची हाक आली. भेटू पुढच्या भागात.