पिस्तुलावरचा लाल ठिपका : लेसर निवडण्याचा इतिहास

आजच्या धाग्याचा प्रश्न वरकरणी इतिहासाचा वाटणार नाही. पिस्तुलावर लावायचा लेसर निवडताना काय पाहावे? रंग, बॅटरी आणि बसवण्याची जागा, असे उत्तर कोणीही जाणकार देईल. परंतु या तिन्ही गोष्टी प्रश्न म्हणून कधी उभ्या राहिल्या आणि कोणी सोडवल्या, हे पाहिले की निवडीचा अर्थच बदलतो.

आधी नेमाविषयी. 'शिस्त' हा शब्द आपण आज वर्तनासाठी वापरतो, पण जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. यात एक जुनी अडचण आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट दिसू लागली की लक्ष्य धूसर होते. अंधारात तर माशीही दिसत नाही. ठिपका थेट लक्ष्यावरच पडला तर दोन्ही अडचणी मिटतील, ही लेसरमागची मूळ कल्पना.

आइनस्टाइनने १९१७ मध्ये मांडलेला उद्दीपित उत्सर्जनाचा सिद्धान्त प्रत्यक्ष किरणापर्यंत पोहोचायला १९६० साल उजाडले. त्या वर्षी १६ मे रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर निर्माण केला. तो क्षणिक स्पंदांचा होता. नेम धरायला निरुपयोगी. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूचा अखंड किरण मिळवला, पण तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना अदृश्य होता. याच वायूंतून ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण १९६२ मध्ये निघाला. पिस्तुलावर पोहोचलेला पहिला लेसर याच जातीचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील लेसर प्रॉडक्ट्स या कंपनीने (हीच पुढे शुअरफायर झाली) कोल्ट ट्रूपर रिव्हॉल्व्हरवर असा लेसर चढवला. छायाचित्र पाहिल्यास हसू येते. रिव्हॉल्व्हरवर लेसर बसवला आहे की लेसरला रिव्हॉल्व्हर टांगले आहे, हे कळत नाही.

आता 'द टर्मिनेटर'. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८४ च्या या चित्रपटात श्वार्झनेगर यांच्या लांब नळीच्या .४५ पिस्तुलावर जो लेसर दिसतो, तो याच कंपनीने खास बनवला होता. वायूची नळी पेटवायला सुमारे १०,००० व्होल्ट आणि पेटती ठेवायला सुमारे १,००० व्होल्ट लागत. एवढी वीज पिस्तुलात मावणे शक्य नव्हते; म्हणून तार अस्तनीतून जाकिटात लपवलेल्या बॅटरीपर्यंत नेली होती. पडद्यावर मात्र तार नाही, वजन नाही. दिसतो तो फक्त कपाळावर स्थिरावलेला ठिपका. ठिपका पडला की गोळी तिथेच लागणार, ही समजूत लोकमानसात रुजली ती इथून, असे माझे मत आहे. तंत्र अजून खिशात मावण्याजोगे झाले नव्हते आणि त्याची दंतकथा तयार होती.

विजेचा प्रश्न सोडवण्याचे श्रेय शस्त्रउद्योगापेक्षा संगीतप्रेमींच्या बाजारपेठेकडे अधिक जाते. अर्धवाहक लेसर १९६२ पासून होता, पण त्याला अतिशीत तापमान लागे. १९७० मध्ये लेनिनग्राडला झोरेस अल्फेरोव्ह यांनी आणि अमेरिकेत हायाशी-पॅनिश यांनी तो सामान्य तापमानात अखंड चालवून दाखवला. १९८२ मध्ये सीडी प्लेयर बाजारात आला आणि तांदळाच्या दाण्याएवढे लेसर डायोड लाखोंनी बनू लागले. सीडीचा किरण अवरक्त होता. दृश्य लाल डायोड ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आले. मग दहा हजार व्होल्टांचे काम बटणाएवढ्या सेलवर होऊ लागले.

त्यानंतरचा वाद जागेचा. अमेरिकेच्या विशेष दलांनी १९९६ पासून स्वीकारलेल्या हेक्लर अँड कॉख मार्क २३ पिस्तुलाच्या नळीखाली दृश्य आणि अवरक्त असे दोन्ही किरण देणारा संच बसे. अवरक्त ठिपका फक्त रात्रदर्शक चष्म्यातूनच दिसे. संच प्रभावी होता, पण पिस्तूल इतके अवजड झाले की कमरेला बाळगणे हीच कसरत. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने पिकाटिनी पट्टीचे प्रमाण ठरवले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पिस्तुलांच्या सांगाड्याखालीही खाचांची पट्टी रूढ झाली; लेसर लावणे-काढणे सोपे झाले. मात्र खाली लटकणाऱ्या लेसरला होल्स्टरही वेगळेच लागते.

ऑरेगॉनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या क्रिमसन ट्रेसने लेसर मुठीतच बसवला. मूठ आवळली की किरण चालू. बटण शोधायला नको. घाबरलेल्या माणसाची बोटे काय करतात याचा विचार केलेली रचना म्हणून मला हीच सर्वांत शहाणी वाटते. लेसरमॅक्सने स्प्रिंगच्या आतील दांड्याच्या जागी लेसर घातला. बाहेर काही दिसत नाही, होल्स्टरही तेच चालते. पण कारखान्यात जुळवलेली दिशा वापरणाऱ्याला बदलता येत नाही.

दिशा जुळवणे का महत्त्वाचे, याचे गणित सोपे आहे. लेसर नळीच्या २.५ सेंटिमीटर खाली आहे आणि किरण व नळीची रेषा १० मीटरवर मिळतील असा जुळवला आहे, असे धरा. मग २० मीटरवर किरण त्या रेषेच्या २.५ सेंटिमीटर वर गेलेला असतो आणि ३० मीटरवर ५ सेंटिमीटर. शिवाय गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येते, किरण येत नाही. म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच ठिकाणी येतात ते जुळवलेल्या अंतरावर. 'टर्मिनेटर'ने नेमके हेच वगळले होते.

रंगाचे थोडक्यात सांगतो. अमेरिकी नियमांनुसार अशा लेसरची शक्ती ५ मिलिवॉटच्या आत ठेवावी लागते. तेव्हा ठिपका अधिक ठळक करायचा तर उपाय रंगाचाच. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा ५३२ चा हिरवा ठिपका ६५० च्या लालपेक्षा सुमारे आठपट उजळ भासतो. भर उन्हात लाल ठिपका काही मीटरांवरच हरवतो. परंतु सुरुवातीचे हिरवे लेसर अवरक्त किरणाची स्फटिकातून वारंवारता दुप्पट करून हिरवा मिळवत. बॅटरी लवकर संपे आणि थंडीत प्रकाश मंदावे. थेट हिरवा देणारे डायोड आल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

एक गल्लत इथेच दूर करू. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये आणलेली 'रेड डॉट' शिस्त म्हणजे लेसर नव्हे. तिचा ठिपका काचेत असतो आणि तो फक्त नेमबाजालाच दिसतो. लेसरचा ठिपका समोरच्यालाही दिसतो. त्याने माणूस थबकेल असे विक्रेते सांगतात. पण तो ठिपका, आणि धूळ वा धूर असल्यास किरणही, धरणाऱ्याचा ठावठिकाणा उघड करतो.

नेमबाजी शिकवणाऱ्यांनी मात्र लेसरचा वेगळाच गुण हेरला. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना भिंतीवरचा ठिपका उडाला, तर हात कुठे हिसका देतो हे शिकणाऱ्याला स्वतःच दिसते. तिथे लेसर शिस्तीची जागा घेत नाही, तिची परीक्षा घेतो.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिग सॉअर पिस्तुलाच्या स्लाइडवर काचेची 'रेड डॉट' शिस्त बसवण्याची सोय होती, आणि वारे त्या दिशेने वाहू लागले होते. लेसरचा खास गड उरला तो खिशातल्या छोट्या रिव्हॉल्व्हरांचा, जिथे काच बसवायला सहसा जागा नसे.