भीमबेटक्याचा ठसा

1946 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडिअकारा टेकड्यांत भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांना वालुकाश्मावर काही विलक्षण ठसे दिसले. त्यांतला एक लंबगोल होता. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना बारीक वळ्या गेलेल्या, एखाद्या गोधडीच्या टाक्यांसारख्या. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रांताच्या खाण खात्याचे प्रमुख बेन डिकिन्सन यांच्यावरून त्याला ‘डिकिन्सोनिया’ हे नाव दिले. नाव ठरले, पण कूळ ठरेना.

स्प्रिग यांनी त्याला जेलीफिशच्या पंगतीत बसवले. नंतरच्या अभ्यासकांनी वळ्या पाहून त्याला गांडुळाच्या गोतातला किडा मानले. जर्मन संशोधक झायलाखर यांना तर या काळातले असे जीव म्हणजे आजच्या कोणत्याही कुळाशी नाते नसलेला, पुढे निर्वंश झालेला वेगळाच प्रयोग वाटला. ग्रेगरी रिटॅलॅक यांनी 1994 मध्ये हे दगडफूल, म्हणजे लायकेन, असावे असे मांडले. पुरावा सगळ्यांपुढे एकच होता : आकार. डोळे नाहीत, पाय नाहीत, निर्विवाद असे तोंडही नाही.

2018 मध्ये वाद आकारापलीकडे गेला. रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या खडकांत डिकिन्सोनियाच्या ठशांवर सेंद्रिय द्रव्याचा पातळ पापुद्रा टिकून होता. इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांना त्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष भरपूर सापडले. ही खूण प्राण्याची. दगडफुलात तिची अपेक्षा नसते. सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव प्राणी ठरला. प्राण्यांच्या वंशवृक्षाची नेमकी कोणती फांदी त्याची, हा वाद मात्र उरलाच.

यानंतरचा अध्याय आपल्याजवळचा आहे. वि. श्री. वाकणकरांनी जगापुढे आणलेल्या, मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया सापडल्याचे रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये जाहीर केले. प्रश्न एका ठशापुरता नव्हता. तो खरा असता, तर विंध्य खडकांचे हे वरचे थर सुमारे 55 कोटी वर्षांचे ठरले असते. त्याच थरांना सुमारे 100 कोटी वर्षांचे मानणाऱ्यांचा हिशेब मग कोलमडला असता.

जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे गेले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ खपली सुटावी तसा छतापासून सुटू लागला होता. कोट्यवधी वर्षांचा ठसा दोन-चार वर्षांत असा झडत नाही. आसपास आग्यामोहोळाची पोळी लटकत होती. ठसा दगडात नव्हताच. दगडावर चिकटलेले ते जुन्या पोळ्याचे अवशेष होते. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि रिटॅलॅक यांनीही ते मान्य केले.

सत्तर वर्षे आकाराने ज्याचे कूळ लागू दिले नाही, त्याच जीवाचा आकार एका पोळ्याने घेतला होता. श्वेत समुद्राकाठी रसायनाने उत्तर दिले. भीमबेटक्यात त्याच जागी पुन्हा जाऊन पाहणे पुरले. विंध्याच्या वयाचा वाद अजून आहे, पण आता त्यात या ठशाची साक्ष कोणी काढणार नाही.