जाधव, खाशाबा दादासाहेब

(१५ जानेवारी १९२६–१४ ऑगस्ट १९८४). फ्रीस्टाइल कुस्तीगीर, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. जन्म कराडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती.

अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा हुकमी डाव: प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला जमिनीवर आपटायचे. सारी मेहनत तांबड्या मातीतली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र पायाखाली मॅट आली. तरीही फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळाला.

१९५२ च्या हेलसिंकीवारीसाठी पैशांची चणचण होती. वर्गणी गोळा झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन ते हरले. पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले. विश्रांतीच्या नियमावर बोट ठेवणारा भारतीय अधिकारी तिथे नव्हता. ही लढतही हरल्याने कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. कराडला मिरवणूक निघाली, ती बैलगाड्यांची.

१९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. तिसऱ्या ऑलिंपिकची तयारी सुरू असतानाच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपवली. मृत्यू रस्ता अपघातात झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये टेनिसपटू लिएंडर पेस यांनी मिळवले.