नसलेल्या यंत्राची कुळकथा : टेलनेट

१९६६ साली पेंटॅगॉनमध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन संस्थेत, बॉब टेलर यांच्या दालनाशेजारी तीन टर्मिनल्स मांडलेली होती. एक केंब्रिजच्या एमआयटीतल्या संगणकाला जोडलेलं, दुसरं बर्कलेच्या, तिसरं सँटा मोनिकाच्या. तिन्हींचे आदेश वेगळे, आत शिरण्याची रीत वेगळी. बर्कलेतलं काम सोडून एमआयटीत डोकवायचं तर एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसावं लागे. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे का जाता येऊ नये, या टेलर यांच्या प्रश्नातून आर्पानेट उभं राहिलं, असं नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण ही गोष्ट सांगताना बहुतेक जण तारांवर, पॅकेटांवर आणि इंटरफेस यंत्रांवर थांबतात. तारेनं प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. दोन संगणक जोडले गेले, तरी एकाचं टर्मिनल दुसऱ्याला कळेलच असं नाही. हा उरलेला अर्धा भाग टेलनेटनं सोडवला. आणि तो सोडवताना लागलेला खरा शोध कुठल्या प्रोग्रॅमचा नव्हता, तर कोणत्याही कारखान्यात न बनलेल्या एका टर्मिनलचा होता, असं माझं म्हणणं आहे.

त्या काळच्या मोठ्या संगणकांमध्ये किती तफावत होती, हे आज सहज लक्षात येत नाही. आर्पानेटच्या पहिल्या चार ठिकाणी चार तऱ्हेची यंत्रं होती: लॉस एंजेलिसला सिग्मा ७, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एसडीएस ९४०, सँटा बार्बराला आयबीएम ३६०/७५ आणि यूटा विद्यापीठात पीडीपी-१०. आयबीएमची अक्षरसंकेतावली ईबीसीडीआयसी, तर बाकीच्या अनेकांची आस्की. काही टर्मिनल्स पूर्ण ओळ टाइप झाल्यावरच ती पाठवत आणि उत्तर येईपर्यंत कळफलक अडवून ठेवत. काही एकेक अक्षर लगेच पाठवत, आणि दाबलेलं अक्षर कागदावर उमटे ते पलीकडच्या संगणकानं ते परत धाडल्यावर. या परत येणाऱ्या अक्षराला 'एको' म्हणतात. चालू काम मध्येच थांबवायची कळही प्रत्येकाची निराळी.

पहिली जोडणी अडखळली तीही टर्मिनलच्याच सवयींपायी. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन 'लॉगिन' हा शब्द पाठवत होते आणि स्टॅनफर्डच्या बाजूला बिल डुव्हाल होते. 'एल' गेला, 'ओ' गेला, आणि पुढच्या अक्षराला यंत्रणा कोसळली. डुव्हाल यांनी पुढे दिलेलं कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. तिथल्या प्रोग्रॅमला सेकंदाला दहा अक्षरं देणाऱ्या टर्मिनलची सवय होती. जाळ्यातून अक्षरं त्याच्या कितीतरी पट वेगानं आली आणि छोटा बफर भरून वाहिला. बफर वाढवल्यावर तासाभरात काम झालं. तार त्या रात्री ठीक चालत होती. चुकीचा होता तो पलीकडे कसलं टर्मिनल बसलं आहे याविषयीचा अंदाज.

'टेलनेट' हा शब्द या रात्रीहून महिनाभर जुना आहे. यूटा विद्यापीठातल्या स्टीफन कार यांनी २५ सप्टेंबर १९६९ रोजी लिहिलेल्या टिपणात, म्हणजे आरएफसी मालिकेतल्या पंधराव्या कागदात, तो येतो. या नावाची फोड कुणी 'टेलिकम्युनिकेशन नेटवर्क' अशी करतं, कुणी 'टर्मिनल नेटवर्क' अशी. कार यांच्या मांडणीकडे पाहिलं तर मला टेलिटाइपकडचा, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलकडचा, ओढा जास्त पटतो, कारण एका ठिकाणचा टेलिटाइप दूरच्या संगणकाला त्याच्या स्वतःच्या टेलिटाइपसारखा वाटावा, एवढंच काम त्यांनी या प्रोग्रॅमला नेमून दिलं होतं. पण अशी नक्कल जोडीजोडीनं करत राहिलो तर हिशेब बिघडतो. वीस तऱ्हेचे संगणक आणि वीस तऱ्हेची टर्मिनल्स म्हटली की चारशे रूपांतरं लिहावी लागतात, आणि एकविसावं टर्मिनल बाजारात आलं की वीसही ठिकाणी पुन्हा डोकेफोड.

१९७१ साली प्रोटोकॉलच्या मसुद्यात उत्तर आलं: नेटवर्क व्हर्च्युअल टर्मिनल. त्याला एक कळफलक आणि एक छपाईयंत्र आहे असं समजायचं. ते आस्कीतली ९५ छापील चिन्हं जाणतं, ओळ संपली की गाडा मागे नेऊन कागद पुढे सरकवतं, आणि त्याच्या कागदाची रुंदी किती हे कुणीच ठरवलेलं नाही. प्रत्येकानं आपलं टर्मिनल या मानीव टर्मिनलमध्ये बदलून पाठवायचं, आणि पलीकडच्यानं त्यातून आपल्याला हवं ते घडवायचं. चारशेची चाळीस झाली. काम मध्येच थांबवायच्या कळेलाही असंच एक सर्वमान्य रूप मिळालं. कळ कोणती हे ज्याचं त्यानं ठरवायचं, जाळ्यातून जाणारी खूण मात्र एकच.

एवढ्यावर थांबले असते तर सगळ्यांच्या वाट्याला सर्वांत गरीब टर्मिनलच आलं असतं. म्हणून १९७३ मध्ये वाटाघाटीची पद्धत ठरली, आणि मला या साऱ्या कथेत तीच सर्वांत मोलाची वाटते. २५५ या आकड्याचा बाइट आला की पुढचा मजकूर नसून निरोप आहे असं समजायचं. २५५, २५३, १ याचा अर्थ 'एकोचं काम तू कर'. उत्तर २५५, २५१, १ आलं तर 'करतो', आणि २५५, २५२, १ आलं तर 'करणार नाही'. अशा निरोपांमागचे चारही शब्द, डू, डोन्ट, विल, वोन्ट, दोन्ही बाजूंना सारखेच वापरता येतात. इथे कुणी मालक नाही आणि कुणी चाकर नाही. नवी सोय सुरू करायला कुणीही नकार देऊ शकतो. सुरू असलेली सोय बंद करण्याची विनंती मात्र कुणालाही नाकारता येत नाही, कारण त्या साध्या मानीव टर्मिनलवर परतण्याची तयारी प्रत्येकानं ठेवलीच पाहिजे. आणि जी सोय आधीच चालू आहे तिच्या विनंतीला उत्तर द्यायचं नाही, नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना 'हो' 'हो' म्हणत राहतील. जे यंत्र अमुक सोय कधी ऐकूनही नव्हतं, तेही 'नाही' एवढं म्हणून संभाषण पुढे नेऊ शकत होतं.

यावर आक्षेप घेता येतो की हे मानीव टर्मिनल म्हणजे वेषांतर केलेला टेलिटाइपच. यात तथ्य आहे. गाड्याची आणि कागदाची भाषा तिथूनच आली. पण सर्रास दिसणाऱ्या मॉडेल ३३ टेलिटाइपला इंग्रजीची लहान अक्षरं छापता येत नव्हती आणि मानीव टर्मिनलला येत होती, म्हणजे ती हुबेहूब नक्कल नव्हती. याहून गंभीर आक्षेप असा की त्याचा पाया सर्वांसाठी सारखा नव्हता. आयबीएमची ३२७० मालिकेतली टर्मिनल्स अख्खा पडदा भरून एकदम पाठवत. एकेका अक्षराच्या कल्पनेत ती बसेनात आणि त्यांच्यासाठी पुढे टीएन३२७० नावाची वेगळी वाट काढावी लागली. आणि देवनागरीला तर त्या ९५ चिन्हांत जागाच नव्हती. भारतात १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतावलीनं आपली अक्षरं आस्कीच्या वरच्या, म्हणजे १२८ पासून पुढच्या, अर्ध्या भागात मांडली. सात बिटांच्या मूळ टेलनेटला तो भाग परकाच होता. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो लहान नाही. फक्त दोन्ही अडचणींना वाट मिळाली ती त्याच वाटाघाटीतून: आठही बिटं जशीच्या तशी नेऊ का, असं विचारायची सोय तिच्यात होती, आणि टीएन३२७० देखील टर्मिनलचा प्रकार विचारून, तीच सोय मागूनच सुरू होतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जातो. वाटेत कान लावून बसलेल्याला तो सहज वाचता येतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड असेच चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी कुलूपबंद जोडणी करणारं एसएसएच लिहिलं आणि टेलनेटच्या २३ क्रमांकाच्या पोर्टला लागूनच २२ हा क्रमांक मागून घेतला. जिथे टेलनेट उघडं राहिलं तिथली किंमत २०१६ मध्ये दिसली. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मिराई या घातक प्रोग्रॅमनं टेलनेटमार्गे ताब्यात घेतले. टेलनेट उघड्या जाळ्यावर चालवू नये, याबद्दल दुमत नाही. पण हा दोष वाहिनीचा आहे. जी मोजकी संशोधनकेंद्रं परस्परांना ओळखत होती, त्यांनी तिला कुलूप लावलं नव्हतं. मानीव टर्मिनलची कल्पना त्या दोषामुळे खोटी ठरत नाही, आणि याचा पुरावा एसएसएचमध्येच सापडतो. कुलूपबंद जोडणी झाल्यावर, पलीकडच्या संगणकावर नेहमीसारखं काम करायचं तर एसएसएच आधी एक मानीव टर्मिनल मागतं. त्या मागणीत टर्मिनलचं नाव असतं, किती अक्षरं रुंद आणि किती ओळी उंच हे असतं, आणि मग सवयींची यादी: काम थांबवायची कळ कोणती, खोडायची कोणती. त्याच यादीत ५३ व्या क्रमांकावर एको आहे.