ध्रुवीय ढगांतलं पाणी ओळखणारा किरण

उणे २० अंशांत तरंगणारा ढग कशाचा असेल? बर्फाचा, हे उत्तर चटकन सुचतं. पण ढगातल्या बारीक थेंबाला गोठायला योग्य धूलिकणाचा आधार लागतो. तो मिळाला नाही, तर थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहतो. ध्रुवांकडच्या हवेत असे कण कमी, म्हणून तिथल्या ढगांत हे अतिशीत पाणी भरपूर. ते आकाशातून ओळखण्याची रीत घडायला दोन शतकं लागली.

तिचं मूळ पॅरिसमध्ये आहे. १८०८ साली एत्येन-लुई मालूस यांनी आइसलँडच्या कॅल्साइट स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन पाहिलं. स्फटिक फिरवला की त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमांपैकी कधी एक मंदावे, कधी दुसरी. परावर्तनानं प्रकाशाला एक ठरावीक दिशा मिळते, म्हणजेच त्याचं ध्रुवण होतं, हे त्यातून हाती आलं. ढगांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता.

१९६०मध्ये लेसर आला आणि तीनच वर्षांत फिओको आणि स्मलिन यांनी त्याची स्पंदनं आकाशात सोडून उंचावरच्या थरांकडून परतणारा उजेड टिपला. हा लिडार. १९७१ साली शॉटलँड, सॅसन आणि स्टोन यांनी मालूसचा धागा त्याला जोडला. गोल थेंबावरून थेट मागे फिरलेला प्रकाश आपली कंपनदिशा जपतो. बर्फाच्या स्फटिकात तो आतल्या पैलूंवर आपटत बाहेर पडतो आणि ती दिशा मोडते. परतलेल्या प्रकाशातला दिशा मोडलेला वाटा मोजला, की पाणी आणि बर्फ वेगळे काढता येतात. इतकी साधी, इतकी देखणी कल्पना हवामानशास्त्रात क्वचितच सापडते.

ती ध्रुवावर खऱ्या अर्थानं पारखली गेली १९९७-९८मध्ये. ‘दे ग्रोसेलिए’ हे कॅनडाचं बर्फफोडं जहाज ब्यूफोर्ट समुद्रात मुद्दाम गोठू दिलं आणि ते वर्षभर बर्फाबरोबर वाहत राहिलं. ‘शीबा’ नावाच्या या मोहिमेत लिडारला उणे ३० अंशांच्याही खाली ढगांत पाणी दिसलं. पण हे एका जहाजाच्या डोक्यावरचं आकाश. उरलेल्या आर्क्टिकचं काय?

उपग्रह तेव्हाही होतेच, पण ध्रुवावर त्यांची नजर अडखळे. खाली पांढरा बर्फ, वर पांढरा ढग, दोन्ही जवळपास तितकेच उजळ. उष्णतेवरून ओळखावं, तर हिवाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग त्यावरच्या हवेपेक्षा थंड असतो आणि ढग जमिनीहून उबदार निघतो. शिवाय महिनोन्‌महिने रात्र. स्वतःचा प्रकाश घेऊन जाणारं यंत्र हवं होतं. १९९४च्या सप्टेंबरात डिस्कव्हरी यानातून लिडार पहिल्यांदा अंतराळात चालवून पाहिला गेला. २८ एप्रिल २००६ रोजी नासा आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा ‘कॅलिप्सो’ उपग्रह निघाला, आणि त्याच रॉकेटवर ‘क्लाउडसॅट’ हा रडारचा उपग्रह. ७०५ किलोमीटरवरून कॅलिप्सोचा हिरवा किरण सेकंदाला सुमारे २० वेळा खाली येई. जमिनीवर त्याचा ठिपका सुमारे ७० मीटरचा.

मोजमाप मात्र लगेच सरळ झालं नाही. बर्फाच्या चपट्या चकत्या हवेत आडव्या तरंगतात आणि आरशासारखा प्रकाश परत फेकतात. दिशा मोडत नाही, म्हणून त्या पाणी असल्याचा भास होतो. उलट दाट पाण्याच्या ढगात प्रकाश थेंबाथेंबांवर विखुरत फिरतो आणि पाणीच बर्फासारखं दिसतं. पहिली अडचण २००७च्या नोव्हेंबरात किरण ३ अंश तिरका करून सोडवली. दुसरीसाठी नासाच्या योंगशियांग हू यांनी दिशा मोडण्याचं प्रमाण आणि परतलेल्या प्रकाशाची तीव्रता यांची सांगड घातली, तेव्हा आलेखावर पाणी आणि बर्फ दोन वेगळ्या वाटांनी जाताना दिसले.

यानंतरची पायरी मला या साऱ्या कुळातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते. ही मोजमापं संगणकावरच्या हवामान-मॉडेल्सशी ताडून पाहायची होती. पण मॉडेलचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा, उपग्रहाचा ठिपका ७० मीटरचा. शिवाय दाट ढगाच्या आत लिडार पोचतच नाही. मग तुलना करायची कशी? पॅरिसच्या एलेन शेप्फेर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये लिडारचं अनुकरण करणारी संगणकप्रणाली मांडली. मॉडेलमधल्या कृत्रिम आकाशावरून कॅलिप्सो गेला असता तर त्याला काय दिसलं असतं, हे ती काढते. उपग्रहाला जे दिसत नाही, ते तिलाही दिसत नाही. त्यामुळे तुलना न्याय्य होते. पुढे सेझाना आणि शेप्फेर यांनी तिच्यात पाणी-बर्फाचा भेदही आणला.

मग चूक उघडी पडली. अनेक मॉडेल्स ढग फार लवकर गोठवत होती. थेंब आणि स्फटिक शेजारी असले की स्फटिक थेंबांची वाफ ओढून वाढतात, हे वेगेनर आणि बर्जेरॉन यांच्या काळापासून माहीत आहे. मॉडेल्स मात्र दोघांना साऱ्या चौकोनात एकसारखे मिसळलेले मानत. प्रत्यक्षात पाण्याचे आणि बर्फाचे कप्पे वेगवेगळे असतात. बोल्डरच्या जेनिफर के यांच्या गटाने २०१६मध्ये एका अमेरिकी मॉडेलमधलं अतिशीत पाणी वाढवलं, तेव्हा त्यात दक्षिण महासागर प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन शोषत असल्याचा दोष बराच कमी झाला. पाण्याचे थेंब बारीक आणि असंख्य, म्हणून ते ऊन जास्त परतवतात.

त्याच वर्षी टॅन, स्टोरेलव्हमो आणि झेलिंका यांनी पुढचा हिशेब मांडला. बर्फ जास्त धरला, तर तापमानवाढीत त्याचं पाणी होऊन ढग उजळतात आणि वाढीला लगाम बसतो. पाणी आधीच असेल, तर लगाम ढिला. कॅलिप्सोच्या मोजमापांशी जुळवल्यावर त्यांच्या मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी अंतिम वाढ ४ अंशांवरून ५ ते ५.३ अंशांवर गेली. हा आकडा भविष्यवाणी म्हणून घेऊ नये. एक चूक सुधारली की तिने झाकलेली दुसरी वर येते, आणि आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१च्या अहवालाने संभाव्य कक्षा २.५ ते ४ अंशच ठरवली. तरीही या कामाने एका जुन्या गृहीतकाला मोजमापासमोर उभं केलं, हे त्याचं मोल आहे.

कॅलिप्सोचं काम २०२३च्या ऑगस्टमध्ये थांबलं. युरोप आणि जपानचा ‘अर्थकेअर’ २८ मे २०२४ रोजी निघाला. त्याचा लिडार हिरव्याऐवजी अतिनील प्रकाश वापरतो, म्हणून सतरा वर्षांची जुनी नोंद आणि ही नवी नोंद थेट एकमेकांना चिकटत नाहीत. मधले किमान दहा महिने तर या दोन्ही नोंदींत नाहीत. ध्रुवीय ढगांतलं पाणी वाढतं आहे का, हे सांगायला सलग नोंद लागते. ती सांधण्याचं काम आता सुरू आहे.