धक्का जिरवण्याचा इतिहास

धक्का झेलणे वेगळे आणि जिरवणे वेगळे. मोटारीत पहिले काम स्प्रिंगचे, दुसरे शॉक ॲब्सॉर्बरचे. तो नसेल, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ डोलत राहील. फार पूर्वी हे काम एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांकडे होते. पुढे तेल आले.

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. ही स्पोर्ट्‌स कार पाहा. तिच्या मागच्या अखंड आसाला कमानपाटे आणि आर्मस्ट्राँगचे तरफेचे शॉक ॲब्सॉर्बर. आस उसळला की तरफ हलते, पेटीतला दट्ट्या तेलाला बारीक झडपेतून रेटतो आणि उसळीचा जोर उष्णता होऊन विरतो. मात्र तेल थोडके. तापले की पातळ होते, वयोमानाने झिरपते आणि गाडीचा मागचा भाग हेलकावू लागतो. म्हणून हौशी मालक तेथे नळीचे शॉक ॲब्सॉर्बर बसवतात. पुढच्या चाकांना हे इतके सोपे नाही. तिथली तरफ हाच चाक धरणारा वरचा हात आहे.

गंमत अशी, की १९६२ साली नळीचे शॉक ॲब्सॉर्बर इतरत्र रुळलेलेच होते. या बाबतीत ही गाडी जन्मतःच जुन्या वळणाची! तरफ काढली की ही साक्षही जाते. नुसती गळती असेल, तर दुरुस्ती आणि ताजे तेल पुरते. बदलायचेच, तर मूळच्याच भोकांत बोल्ट बसवावेत आणि जुना जोड फडताळात जपावा. पुढच्या मालकाला तो परत बसवता आला पाहिजे.