तेर येथील मृत्पात्रे व केओलिन-मूर्ती

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीकाठच्या तेर या गावी मिळालेल्या प्राचीन मृण्मय वस्तू. तेर म्हणजे प्राचीन तगर होय. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचला जाते, असा उल्लेख आहे. येथे अनेकदा उत्खनने झाली, त्यांपैकी बी. एन. चापेकर यांचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सातवाहनकालीन तेरचे वैशिष्ट्य म्हणजे केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती. (गावाच्या जुन्या टेकाडाच्या मातीस ‘पांढरी’ म्हणतात, ती माती निराळी.) केओलिन हे नाव चीनमधील जिंगडेजनजवळच्या गाओलिंग या टेकडीवरून आले. चिनी कुंभारांनी या मातीत फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड मिसळून ती सु. १,३००° से. तापमानास भाजली. त्यामुळे भांडे काचेसारखे घट्ट, शुभ्र व किंचित पारभासी होई. अरुंद तोंड, भरदार खांदा व खाली निमुळते होत गेलेले अंग असा तेथील फुलदाणीचा एक प्रसिद्ध घाट आहे. चौदाव्या शतकात झिलईखाली कोबाल्टच्या निळ्या रंगाने कमळे, वेली व ड्रॅगन रंगविण्याची पद्धत भरास आली. मान, खांदा, पोट व बुंधा यांना निरनिराळे पट्टे दिल्याने चित्र घाटाच्या वळणानुसारच चाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी पात्रे आहेत.

तेरच्या कारागिरांनी ही माती वेगळ्याच कामी लावली. पुढचा व मागचा असे दोन साचे करून त्यांत माती दाबावयाची व दोन्ही भाग जोडावयाचे, या रीतीने मूर्ती आतून पोकळ व वजनाने हलकी होई. स्त्रीमूर्तींची केशरचना, कर्णभूषणे व हार इतके बारकाईने उठविलेले आहेत, की त्या काळच्या वेशभूषेचा तो एक विश्वसनीय पुरावाच ठरावा. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन संपर्कातून आले असावे, असे काही अभ्यासक मानतात. भाजणी मंद असल्याने माती सच्छिद्रच राही. अर्थात केवळ केओलिन हाती असल्याने पोर्सेलीन होत नाही. त्यास तशी भट्टी लागते.

भांड्यांसाठी मुख्यतः तांबडी माती वापरीत. त्यांवर चिनी पात्रांसारखी चित्रे नाहीत. सौंदर्य घाटात, लेपात व घोटाईत आहे. काळ्या-तांबड्या भांड्यांचे दोन रंग रंगकामाचे नव्हेत, भट्टीचे आहेत : भांडे पालथे घालून भाजले म्हणजे आतील भागास व काठास हवा मिळत नाही आणि तेवढा भाग काळा होतो. अशा भांड्यास साधे किंवा अनलंकृत म्हणणे न्याय्य नाही.

तेरच्या बऱ्याच वस्तू उत्खननात नव्हे, तर टेकाडांवर व शेतांत सापडल्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपल्या नसत्या, तर बहुतेक नष्ट झाल्या असत्या. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला व त्यांच्याच नावाने तेर येथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मात्र अशा वस्तूंचा मूळ थर ज्ञात नसल्याने त्यांचा काळ शैलीवरून व उत्खननातील वस्तूंशी तुलना करूनच ठरवावा लागतो.